सॅटेलाइट फोन आणि लॅपटॉप यांच्यामधली वायर

सॅटेलाइट फोन घेताना माणूस चार ठिकाणी चौकशी करतो. कंपनी कुठली, मिनिटाला पैसे किती पडतात, बॅटरी किती टिकते, पाणी लागलं तर काय, सगळं विचारून होतं. तो फोन लॅपटॉपला जोडायची वायर मात्र निघायच्या आदल्या दिवशी आठवते, आणि मग ड्रॉवरमध्ये सापडलेली, टोक बसतंय एवढंच बघितलेली कुठलीशी केबल सामानात पडते. शिडाच्या बोटीवर दिवसेंदिवस किनारा न दिसणारे दर्यावर्दी, ध्रुवप्रदेशात काम करणारे संशोधक, उंच पर्वतांवर जाणारी पथकं, या सगळ्यांना मला कळकळीनं एवढंच सांगायचं आहे की हवामानाचा अंदाज आणि घरची पत्रं याच वायरीतून येणार आहेत. फोन निवडायला दिलात तेवढाच वेळ तिलाही द्या.

केबलकडे वळण्याआधी कायद्याचं बोलू, कारण तिथली चूक महागात पडते. भारतात सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय बाळगता येत नाही. १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा यांच्या आधारे हे बंधन वर्षानुवर्षं चालत आलं आहे, आणि २६/११ च्या हल्लेखोरांकडे थुरायाचा फोन होता हे उघड झाल्यापासून त्याची अंमलबजावणी फार कडक झाली आहे. इरिडियम आणि थुराया इथे चालत नाहीत. बीएसएनएल इनमारसॅटच्या उपग्रहांवरून जी सेवा देतं ती दूरसंचार विभागाच्या नियमांनुसार घेता येते. गोव्यासह देशातल्या अनेक विमानतळांवर परदेशी प्रवाशांना यासाठी अडवलं गेलं आहे, आणि ट्रेकर वापरतात ती उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी यंत्रंही यातून सुटत नाहीत. मर्चंट नेव्हीतल्या मंडळींना भारतीय हद्दीत शिरताना जहाजावरचे असे फोन जाहीर करावे लागतात, हे ठाऊक असेलच. म्हणून पुढचा सारा मजकूर परदेशातून निघणाऱ्या सफरींसाठी, किंवा रीतसर परवानगी असलेल्यांसाठी आहे. केबल, कन्व्हर्टर आणि लॅपटॉप यांची तयारी मात्र पुण्यात किंवा मुंबईत बसून निर्धास्त करता येते. ती कशी, ते पुढे येईलच.

लॅपटॉपला जोडल्यावर हा फोन मोडेम होतो, आणि तोही फार संथ. इरिडियमच्या हातात धरायच्या फोनवर डेटाचा वेग सेकंदाला २.४ किलोबिट आहे. १९९५ साली विदेश संचार निगमनं भारतात इंटरनेट आणलं तेव्हा सामान्य ग्राहकाला ९.६ किलोबिटची डायल-अप जोडणी मिळायची. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना त्याच्या पावपट वेग म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. हिशेब सोपा आहे: सेकंदाला साधारण ३०० बाइट. वीस किलोबाइटची हवामानाची फाइल सव्वा मिनिटात उतरते. मोबाइलवर काढलेला तीन मेगाबाइटचा फोटो पाठवायला, जोडणी एकदाही न तुटता, पावणेतीन तास लागतील. तो पाठवण्याच्या फंदात पडू नका.

पत्र मात्र खुशाल मराठीत लिहा. देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह ईमेलमध्ये तीन बाइट घेतं, इंग्रजीतलं एक, म्हणून ‘रोमन लिपीत लिहा, स्वस्त पडेल’ असा सल्ला मिळतो. पण हजार चिन्हांचं, म्हणजे चांगलं पानभर मजकुराचं मराठी पत्र तीन हजार बाइटांचं होतं. दहा सेकंद. महिनाभर समुद्रावर असलेल्या माणसानं आईला रोमन लिपीत लिहावं इतकी ही बचत मोठी नाही. फोनच्या बटणांवर लांब मजकूर लिहिणं जिकिरीचं असतं. फोन लॅपटॉपला जोडण्याचं एक मोठं कारण हेच आहे.

आता वायर. सगळ्या फोनांना चालेल अशी एकच केबल नसते. ‘इरिडियमची केबल द्या’ एवढं सांगून भागत नाही, मॉडेलचा नंबर सांगावा लागतो.

इरिडियम ९५५५ सगळ्यांत सोपा. त्याला मिनी यूएसबी लागते. जुने डिजिटल कॅमेरे आणि हार्ड डिस्क यांना असायची तीच, थोडी जाड, दोन्ही कडांनी आत दबलेल्या टोकाची. ती आता मोबाइलच्या दुकानात चटकन मिळत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत विचारलं तर मिळते. मायक्रो यूएसबी तिच्यापेक्षा पातळ असते, आणि दुकानदार कित्येकदा तीच पुढे करतो. ९५५५ ला चार्जिंगचं छिद्र वेगळं आहे, तेव्हा यूएसबी जोडली म्हणजे फोन चार्ज होतोय असं धरून चालू नका. या फोनचा बोलण्याचा वेळ चार तासांचा आहे.

९५७५, म्हणजे ज्याला एक्स्ट्रीम म्हणतात तो, घेणाऱ्यांनी विशेष जपायला हवं. या फोनला यूएसबीचं छिद्रच नाही. खालच्या बाजूला अनेक पिनांची एक रुंद खाच आहे. तिच्यात एक छोटा अडॅप्टर खटकन बसतो, आणि यूएसबी व चार्जिंगची छिद्रं त्या अडॅप्टरवर आहेत. बाहेरच्या अँटेनासाठी आणखी एक वेगळा अडॅप्टर. दोन्ही काळे, दोन्ही काडेपेटीहून लहान. जुना किंवा भाड्याचा फोन घेताना पहिल्यांदा हे तुकडे मागा. फोन उत्तम चालतोय, केबल नवी आहे, आणि हा तुकडा हरवलेला आहे, अशा स्थितीत बोटीवर काहीही करता येत नाही.

९५०५ए हा त्याआधीचा फोन अजून काही बोटींच्या कपाटांत आहे. त्याला तळाशी लावायचा अडॅप्टर आणि सिरियल केबल लागते, आणि आजच्या लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसल्यामुळे यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरही लागतो. म्हणजे फोन आणि लॅपटॉप यांच्यामध्ये तीन वस्तू, आणि त्यातली कुठलीही एक दगा देऊ शकते. नवी खरेदी करणाऱ्यानं हा फोन घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. घरचाच असेल तर वापरा.

इनमारसॅटचे आयसॅटफोन प्रो आणि आयसॅटफोन २ मायक्रो यूएसबीवर चालतात. केबल मिळायला त्रास नाही, म्हणून त्यांची बाजू थोडी उजवी. पण त्यांचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, पस्तीस हजार किलोमीटरपेक्षाही दूर, एका जागी स्थिर असतात. ध्रुवाकडे जाल तसे ते क्षितिजाला टेकतात आणि मग दिसेनासे होतात. थेट ध्रुवापर्यंत इरिडियमच, कारण त्याचे ६६ उपग्रह ७८० किलोमीटरवरून ध्रुवांवरून फिरत राहतात. थुरायाच्या जुन्या फोनांना कंपनीचीच खास केबल लागते. वेग मात्र त्यांचा बरा, उतरवताना ६० किलोबिटपर्यंत. त्यांचा आशिया-पॅसिफिककडचा उपग्रह एप्रिल २०२४ मध्ये बंद पडला, तेव्हा तिकडे जाणाऱ्यांनी तो पर्याय सोडून द्यावा. ग्लोबलस्टारचा जीएसपी-१७०० ९.६ किलोबिट देतो आणि त्यालाही स्वतःची केबल लागते. त्याला उपग्रहाबरोबर जमिनीवरचं केंद्रही टप्प्यात हवं असल्यामुळे भर महासागरात तो उपयोगाचा नाही.

यूएसबी केबल वरून सारख्या दिसल्या तरी आतून सारख्या नसतात. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात: तांबडी आणि काळी विजेची, पांढरी आणि हिरवी डेटाची. स्वस्त चार्जिंग केबलमध्ये पांढरी-हिरवी घातलेलीच नसते. तशी केबल लावली की लॅपटॉपला काहीही जोडल्याचं कळत नाही, आणि माणूस दोन तास ड्रायव्हर काढत-घालत बसतो. तपासायला सॅटेलाइट फोन लागत नाही. मिनी केबल घरातल्या जुन्या कॅमेऱ्याला लावा, मायक्रो केबल जुन्या मोबाइलला. फोटोंचं फोल्डर लॅपटॉपवर उघडलं तर केबल डेटाची आहे. मग त्या केबलला रंगीत चिकटपट्टी लावा आणि निघेपर्यंत तिला दुसऱ्या कामाला लावू नका.

नव्या लॅपटॉपना नुसती टाइप-सी छिद्रं असतात, तिथे आणखी एक अडचण येते. टाइप-सी छिद्र समोर काही जोडलंय याची खात्री पटल्याशिवाय वीजच सोडत नाही, आणि ती खात्री केबलच्या टोकातला ५.१ किलो-ओहमचा एक बारीक रोधक पटवतो. हलक्या केबलमध्ये तो गाळलेला असतो. मला विचाराल तर टाइप-सीमधून नेहमीची चौकोनी यूएसबी देणारा एक चांगला हब घ्या आणि त्याला साधी केबल लावा. केबल पाच मीटरपेक्षा लांब नको. जोडांवर जोड देऊन वाढवलेली तर नकोच.

सिरियल कन्व्हर्टर घ्यावा लागलाच तर आतली चिप बघा. एफटीडीआय कंपनीची चिप असलेला अस्सल कन्व्हर्टर दुप्पट-तिप्पट महाग पडला तरी तोच घ्यावा. बाजारात या चिपच्या आणि प्रॉलिफिक या दुसऱ्या कंपनीच्या चिपांच्या नकला भरपूर आहेत. २०१४ मध्ये विंडोजच्या अपडेटबरोबर आलेल्या एफटीडीआयच्या ड्रायव्हरनं नकली चिपांची ओळखच पुसून टाकली होती आणि चालते कन्व्हर्टर एका दिवसात मुके झाले होते. प्रॉलिफिकच्या जुन्या आणि नकली चिपांना नवा ड्रायव्हर ‘कोड १०’ दाखवून नकार देतो. अपडेटनं बिघडलेली वस्तू समुद्राच्या मध्यावर दुरुस्त होत नाही.

दुकानात आणखी दोन गोष्टी सांभाळा. नऊ पिनांची सिरियल केबल ‘सरळ’ हवी. दोन संगणक एकमेकांना जोडायची उलटसुलट तारांची नल-मोडेम केबल दिसायला तशीच असते, पण मोडेमला ती चालत नाही. आणि यूएसबी-टीटीएल नावाचे स्वस्त बोर्ड सर्किटच्या प्रयोगांसाठी असतात. त्यांचे व्होल्टेज सिरियल पोर्टच्या आरएस-२३२ शी जुळत नाहीत. ते घेऊ नका.

कन्व्हर्टरची परीक्षाही घरच्या टेबलावर होते. लॅपटॉपवर पुट्टी किंवा तसा टर्मिनल प्रोग्राम उघडा, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कन्व्हर्टरला कितवा कॉम पोर्ट मिळालाय ते बघा आणि तो निवडा. नऊ पिनांपैकी दोन आणि तीन नंबरच्या पिना उघड्या केलेल्या कागदाच्या क्लिपनं एकमेकींना टेकवा. प्लास्टिकवर डोळे बारीक करून बघितलं तर नंबर कोरलेले दिसतात. आता कीबोर्डवर काहीही टंकलं की ती अक्षरं पडद्यावर उमटली पाहिजेत, आणि क्लिप काढताच उमटायची थांबली पाहिजेत. तसं झालं तर लॅपटॉप, ड्रायव्हर आणि कन्व्हर्टर तिन्ही ठीक आहेत. लॅपटॉपच्या दुसऱ्या छिद्रात कन्व्हर्टर घातला की विंडोज त्याला वेगळा नंबर देऊ शकतं आणि मग ईमेलचा प्रोग्राम जुन्याच नंबरवर फोन शोधत बसतो. म्हणून एक छिद्र ठरवा आणि त्याच्या कडेला नेलपॉलिशचा ठिपका द्या.

ड्रायव्हरच्या फाइली पेनड्राइव्हवरही ठेवा. एआरएम प्रोसेसरचे नवे विंडोज लॅपटॉप आणि नवे मॅक जुने ड्रायव्हर घेतीलच असं नाही. त्यामुळे अशा कामासाठी इंटेल किंवा एएमडीचा एखादा जुना, धडधाकट लॅपटॉप मला जास्त भरवशाचा वाटतो.

पुढची तपासणी फोन हातात आल्यावर, जिथून निघणार त्या गावी: केप टाउन असो, फ्रीमँटल असो. निदान दोन दिवस हातात ठेवून करा, म्हणजे काही कमी पडलं तर बाजार उघडा असतो. आधी ड्रायव्हर टाका, मग फोन चालू करून केबल लावा. टर्मिनलमध्ये इंग्रजी ए आणि टी ही दोन अक्षरं टंकून एंटर दाबा. फोननं ‘ओके’ म्हटलं की वायर जिवंत आहे. जगातले बहुतेक मोडेम या दोन अक्षरांना उत्तर देतात. नंतर त्याच दोन अक्षरांपुढे अधिकचं चिन्ह आणि सी-एस-क्यू टंका. इरिडियमचा फोन शून्य ते पाच यांतला एक आकडा देईल. तो सिग्नलचा जोर. छताखाली शून्य येणारच. फोन उघड्यावर नेऊन, अँटेना पूर्ण बाहेर ओढून उभी धरा आणि तीन, चार, पाच असा आकडा चढताना बघा. अडचण वायरीत आहे की आकाशात, हे या दोन आज्ञांत कळतं. तो फरक न कळल्यामुळे माणसं चांगल्या केबली फेकून देतात आणि छताखाली बसून नव्या लावत राहतात.

फोनला आकाश हवं आणि लॅपटॉपला छप्पर, हा पेच कुठल्याही बोटीवर आणि तंबूत येतोच. पाच मीटरच्या आत भागत असेल तर यूएसबी केबल लांब घ्या आणि फोन पारदर्शक, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बाहेर ठेवा. कायमची सोय हवी असेल तर बाहेरची अँटेना बसवा, पण तिच्या केबलमध्ये कंजुषी नको. इरिडियमच्या १.६ गिगाहर्ट्झच्या लहरी पातळ केबलमध्ये झपाट्यानं विरतात. फोन आणि अँटेना यांच्यामध्ये तीन डेसिबलपेक्षा जास्त घट चालत नाही, आणि तीन डेसिबल म्हणजे अर्धी शक्ती गेलीच. आरजी-५८ ही सर्रास मिळणारी केबल चार मीटरच्या आसपास तेवढी घट करते. एलएमआर-२४० घेतलीत तर आठ मीटरपर्यंत जाता येतं, जाडजूड एलएमआर-४०० वर साधारण पंधरा. दुकानदार टीव्हीची केबल सुचवेल. ती ७५ ओहमची असते आणि इथे ५० ओहमची लागते. जोडांवर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. खारं पाणी एकदा जोडात शिरलं की तांबं हिरवं पडतं आणि सिग्नल रोज थोडाथोडा कमी होत जातो, लवकर लक्षातही येत नाही.

जोडणी झाल्यावर लॅपटॉपला आवर घाला. इंटरनेटची चाहूल लागताच तो स्वतःची अपडेटं, अँटिव्हायरसची यादी, फोटोंची साठवण असं सगळं एकदम मागायला लागतो, आणि आपलं पत्र त्या गर्दीत अडकतं. विंडोजमध्ये ती जोडणी मीटर्ड म्हणून नोंदवा आणि आपोआप होणाऱ्या सगळ्या गोष्टी बंद करा. ब्राउझर उघडूच नका. दोन मेगाबाइटचं साधं पान पावणेदोन तासांच्या पुढे जातं. उपग्रहासाठी केलेले ईमेल प्रोग्राम वापरा. एक्सगेट आहे, दर्यावर्दींमध्ये सेलमेल वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे. ते स्वतः नंबर लावतात, पत्रं दाबून लहान करतात, पाठवतात आणि फोन ठेवून देतात. प्रोग्राम निवडताना तुटलेली फाइल तो जिथे तुटली तिथून पुढे घेतो का, हे विचारा. इरिडियमचा प्रत्येक उपग्रह काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो आणि फोन पुढच्याकडे सोपवला जातो. डोंगर किंवा शीड मध्ये आलं की कॉल तुटतो. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणारा प्रोग्राम असेल तर मोठी फाइल कधीच पुरी होत नाही.

एवढ्या तारा नकोत असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी २०१४ पासून इरिडियम गो आहे. तो स्वतःच वाय-फाय देतो, म्हणून मोबाइल किंवा टॅबलेटही जोडता येतो. मूळ गोचा वेग तोच २.४ किलोबिट, २०२३ मध्ये आलेला गो एक्झेक बराच वेगवान आहे, आणि महागही. फोन आधीच असेल तर रेडपोर्ट ऑप्टिमायझरसारखा छोटा राउटर फोनच्या यूएसबीला लावता येतो. तो वाय-फाय देतो आणि नको असलेली वर्दळ बाहेरच अडवतो. चौघापाचांचं पथक असेल तर मी हाच सुचवेन. एकट्यानं जाणाऱ्यानं मात्र साधी केबल जवळ ठेवावीच. तिला वेगळी वीज लागत नाही, आणि तिच्यात बिघडण्यासारखं फार थोडं असतं.

केबल आणि अडॅप्टर यांचे दोन संच करा आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा, झिपच्या पाकिटात, सिलिका जेलच्या पुडीसह. केबल तंगूसनं लॅपटॉपच्या टेबलाला सैल बांधून ठेवा, म्हणजे बोट कलली की झटका फोनच्या खाचेवर येत नाही. टोकं काळवंडली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, सुकू द्या, मगच लावा. आणि सगळ्या पायऱ्या मराठीत एका कागदावर लिहून लॅपटॉपच्या झाकणाआड चिकटवा: कुठली केबल, कुठलं छिद्र, कितवा कॉम पोर्ट, कुठला प्रोग्राम. हे काम जमणारा एकच माणूस असतो आणि नेमका तोच आजारी पडू शकतो. निघण्याआधी सोबतच्या एखाद्याला नुसत्या त्या कागदावरून एक पत्र पाठवायला सांगा. शेजारी बसा, पण बोलू नका. जिथे तो अडेल ती ओळ पुन्हा लिहा.